गडदे साहेबांच्या जागेवरची दस्ती

मित्रांनो, मी दस्ती. पुण्यामुंबईकडची मंडळी मला रुमाल म्हणतात. आमच्या हिंगोली जिल्ह्यात रुमाल डोक्याला बांधतात आणि खिशात ठेवतात ती दस्ती, एवढा फरक आधी ध्यानात घ्या. मी जुनी आहे हे लपवत नाही, आणि लपवून लपणारही नाही. मला उन्हात धरलं तर माझ्यातून पलीकडचं अख्खं लिंबाचं झाड दिसतं. तरीपण कुणी मला चिंधी म्हटलं की माझं डोकं फिरतं. जिला काही काम उरलं नाही ती चिंधी. माझं काम यंदाच्या श्रावणापर्यंत चालू होतं, आणि ते ऐऱ्यागैऱ्याचं काम नव्हतं. मी एसटीत जागा धरत होते.

ज्या बिचाऱ्यांनी कधी एसटीनं प्रवास केला नाही त्यांच्यासाठी सांगते. गाडी फलाटाला लागली की दाराशी झुंबड उडते. शहाणी माणसं तिकडं फिरकत नाहीत. ती खिडकीखाली जातात, टाचा उंच करतात आणि आतल्या सीटवर दस्ती टाकतात. दस्ती पडली की जागा झाली. मग मालक पोत्यांवरून, पिशव्यांवरून, कुणाच्या पायावर पाय देत सावकाश आत येतो, आणि त्याच्या जागेला तोवर कुणी हात लावत नाही. हा कायदा कुठल्या पुस्तकात लिहिलेला नाही. पण आमच्याकडं एक वेळ बांधाचा दगड सरकेल, टाकलेली दस्ती सरकत नाही.

माझा जन्म कापसाचा. तो कापूस वसमतच्याच एखाद्या रानातला असावा असं मी धरून चालते. पुरावा नाही, पण अभिमानाला पुरावा कोण मागतो? आखाडा बाळापूरच्या आठवडी बाजारात मी माझ्या पाच बहिणींसोबत एका चादरीवर पडले होते. शकुबाई नावाच्या नव्या नवरीनं आम्हा सहाही जणींना उचललं. बहिणींचं पुढं फारसं बरं झालं नाही. एकीचा जन्म लेकराचं नाक पुसण्यात गेला आणि एकीचा भाकरी गुंडाळण्यात. माझं नशीब वेगळं निघालं, कारण माझ्या कोपऱ्यात शकुबाईंनी लाल दोऱ्यानं शेवंतीचं फूल काढलं. नवऱ्याला द्यायचं होतं, म्हणून चांगल्या तीन दुपारी त्यावर खर्ची घातल्या.

नवरा म्हणजे विश्वंभर गडदे, वसमतच्या एसटी आगारातले अभियंते. गाड्यांची देखभाल त्यांच्याकडं. त्यांनी मला हातात घेतलं, कोपरा डोळ्याजवळ नेला आणि त्यांचा चेहरा फुलला. म्हणाले, "चाक मस्त काढलंस. फक्त नट दहा पाहिजेत, तू आठच बसवलेस."

शकुबाई उठून आत गेल्या. मला वाटलं, झालं, आता माझी रवानगी चुलीत. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी सुईत दोरा ओवला आणि माझ्या फुलाला आणखी दोन पाकळ्या घातल्या. तेव्हापासून मी चाकवाली दस्ती. या दोघांचा संसार कसा होणार हे मला त्याच दुपारी कळलं होतं, मित्रांनो. तिनं फूल द्यायचं, त्यांनी त्याचं चाक करायचं आणि तिनं मुकाट नट वाढवून द्यायचे.

साहेबांच्या लेखी एसटी ही सजीव वस्तू होती. ते तिला कान लावत. घर स्टँडच्या मागंच होतं. जेवता जेवता घास हातात धरून त्यांची मान वाकडी व्हायची आणि ते म्हणायचे, बाळापूरची आली, स्प्रिंगचा पाटा ढिला हाय तिचा. मग ताट तसंच टाकून ते उठायचे. शकुबाई ताटावर ताट झाकून ठेवायच्या. घरातही तेच. कूलर, पिठाची गिरणी, शेजाऱ्यांची मोटारसायकल, सगळ्यांचे आवाज त्यांना पाठ. त्यांची आई खोकली की ते शेजारी उकिडवे बसून दोन मिनिटं ऐकायचे आणि सांगायचे, फिल्टर चोंदलाय. मग वाफ द्यायला लावायचे. म्हातारी चिडायची, पण खोकला थांबायचा हेही खरं.

आता असा माणूस प्रवासाला निघाला तर तो सीटवर बसेल का? छे. शकुबाईंचं माहेर साखऱ्याला, सेनगाव तालुक्यात. वसमतहून औंढा, हिंगोली, सेनगाव करत गाडी जायची. शकुबाई मला खिडकीतून टाकायच्या, स्वतः खिडकीशी बसायच्या आणि शेजारची जागा मी धरायची. साहेब खाली. ते आधी सहाही टायर ठोकून बघायचे, मग वाकून बघायचे, मग थेट गाडीखाली शिरायचे. इकडं उभी माणसं माझ्याकडं बघून दात खायची आणि विचारायची, बाई, ही जागा कोणाची? शकुबाई बोटभर हसून सांगायच्या, "येऊन राहिले ते. खाली हायेत, टायर बघून राहिले."

हे वाक्य मी तीस वर्षांत किती वेळा ऐकलं ते विचारू नका. वसमतला ऐकलं, औंढ्याला ऐकलं, हिंगोलीला तर दोनदा ऐकलं, कारण तिथं गाडी जास्त वेळ थांबायची आणि साहेबांना बॉनेट उघडायला फुरसत मिळायची. शेवटी स्टँडवरचे वाहतूक नियंत्रक जळबा माइकवरून हाक द्यायचे, गडदे साहेब, मंडळी गाडीत बसल्यात, वर या. मग साहेब चालत्या गाडीत काळे हात वर धरून चढायचे आणि पुसायला काही मिळेना म्हणून मलाच उचलायचे. तिथं त्यांची आणि शकुबाईंची जुंपायची. ही गाडीची दस्ती हाय, ऑइल पुसायची न्हाई, असं त्या दर खेपेला सांगायच्या. साहेब बराबर, बराबर म्हणायचे आणि विजारीला हात पुसायचे.

साहेबांनी आगारात एक नियम घातला होता. मागं एकदा एक मेकॅनिक गाडीखाली असताना कुणीतरी गाडी सुरू केली होती. त्याचा पाय थोडक्यात वाचला. तेव्हापासून साहेबांनी प्रत्येक ड्रायव्हर-कंडक्टरच्या डोक्यात खिळा ठोकल्यासारखं ठोकलं होतं की खाली माणूस हाय असं लहान पोरगं जरी म्हणालं, तरी चावी काढायची, खाली उतरायचं आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं. बघितल्याशिवाय गाडी इंचभर हलवायची नाही. लोक हसायचे, पण नियम पाळायचे.

माझ्याही कौतुकाचे दिवस होते. एकदा घाईत शकुबाईंनी मला साखऱ्याऐवजी नांदेडच्या गाडीत टाकलं. गाडी निघाली, मालकीण खाली. मी एकटी एक अख्खी जागा धरून नांदेडपर्यंत गेले. दहा-बारा माणसं उभी होती. सगळी माझ्याकडं बघत होती, पण बसलं कुणी नाही. दुसऱ्या दिवशी कंडक्टरनं मला परत आणून दिलं, कारण दहा नटांचं चाक सगळ्या आगाराला ठाऊक होतं. जळबांनी माइकवरून जाहीर केलं की साहेबांची दस्ती सापडलेली आहे. सांगा बरं, तुमच्या घरातल्या कुठल्या कपड्याचं नाव माइकवर पुकारलंय?

शकुबाईंचे भाऊ सोनाजी, त्यांच्या लग्नाला आम्ही निघालो तेव्हाची गोष्ट तर मोठी आहे. सेनगावच्या पुढं गाडी बंद पडली आणि साहेब नव्या सफारी सुटासकट खाली शिरले. त्यांनी गाडी चालू केली खरी, पण लग्नघरी पोचलो तेव्हा अक्षता पडून पंगत उठत होती. त्या लग्नाच्या फोटोत सगळे पाहुणे पांढरे आणि एक जावई काळा आहे. शकुबाई तो फोटो दाखवताना तोंडाला पदर लावायच्या. रागानं लावायच्या की हसू लपवायला, हे त्यांनी कधी कळू दिलं नाही.

साहेब निवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमात एक जण त्यांच्याबद्दल फार चांगलं बोलत होता. तेवढ्यात बाहेर गाडी आली आणि साहेब गळ्यातल्या हारासकट उठून बघायला गेले. बोलणारा रिकाम्या खुर्चीकडं बघून पुढचं बोलला. निवृत्तीनंतरही ते रोज सकाळी आगाराला एक फेरी मारायचे. वर्कशॉपमधली पोरं त्यांना लांबून बघून तोंडातला गुटखा थुंकायची.

आता जे सांगते ते सांगताना मला राग येतो, म्हणून भरभर सांगते. साहेबांची छाती दुखत होती. जिना चढताना ते थांबायचे, हात छातीवर ठेवायचे आणि म्हणायचे, काय न्हाई, गॅस हाय. शकुबाई दवाखान्यात चला म्हणायच्या, लेक मिना फोनवरून ओरडायची. अहो, असा आवाज करणारी गाडी या माणसानं फलाटावरून हलू दिली नसती! जगाच्या इंजिनाला कान लावला आणि स्वतःच्या छातीला लावला नाही. मला तोंड असतं तर मी त्यांना चांगलं फैलावर घेतलं असतं.

मागच्या मार्गशीर्षातल्या एका सकाळी ते अंगणात खुर्चीवर बसले होते. त्यांनी मान वाकडी केली. शकुबाईंना वाटलं, एखादी गाडी येत असेल, ऐकून राहिलेत. त्या चहा घेऊन आल्या तोवर साहेब गेले होते.

सगळं रीतसर झालं. आगारातले सगळे आले, जळबांनी खांदा दिला, मिना महिनाभर राहिली. शकुबाईंनी आल्यागेल्याला चहा दिला, विचारपूस केली. एकच गोष्ट त्यांनी केली नाही. साहेब गेले, हे त्या स्वतःच्या तोंडानं एकदाही बोलल्या नाहीत. दुसऱ्यांनी सांगितलेलं ऐकायच्या. स्वतः सांगायची वेळ आली की मिनाकडं फोन द्यायच्या, किंवा आत जाऊन भांडी वाजवायच्या. एकदा लांबच्या कुणाचा फोन आला, साहेब हायेत का म्हणून. शकुबाई म्हणाल्या, बाहेर गेलेत. त्या दिवशी त्यांनी स्वयंपाकच केला नाही. मिना म्हणायची, आई, एकदा बोल म्हणजे मोकळी होशील. बोलायचं म्हणजे साहेबांचं नाव घ्यायचं, आणि नाव घेतलं की ते शेवटचं वाक्य येणारच. म्हणून त्यांनी साहेबांबद्दल बोलणंच टाकलं. सफारीतल्या जावयाची गोष्ट नाही, फिल्टरची नाही, काही नाही. आठ महिने. माणूस गेला तो गेला, वर त्याच्या गोष्टीही गेल्या. मी दाराच्या खुंटीवर होते आणि मला याची धास्ती वाटायची. माझ्या स्वतःच्या भवितव्याचीही वाटायची, खोटं का बोलू?

श्रावणात सोनाजींचा निरोप आला, राखीला ये. मिनाचे यजमान कारनं सोडतो म्हणाले. शकुबाई म्हणाल्या, एसटीनंच जाते. निघताना त्यांनी खुंटीवरून मला घेतलं, तेही न बघता. हाताला सवय होती.

श्रावणी सोमवार होता. औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला जाणाऱ्यांनी स्टँड गच्च भरलेला. गाडी लागली, शकुबाई खिडकीखाली गेल्या, टाच उंच झाली आणि मी बराबर सीटवर जाऊन पडले. आठ महिन्यांनी कामावर आले होते. इतका आनंद झाला की काही क्षण मला सुचलंच नाही. शकुबाई आत आल्या, खिडकीशी बसल्या आणि शेजारी मी. मग माझ्या लक्षात आलं की मी कुणाची जागा धरून बसलेय.

गाडी ठेचून भरली. माझ्याच शेजारी दांडी धरून मोतीबाई उभ्या होत्या. औंढ्याच्या अलीकडच्या तांड्यावरच्या, पंच्याहत्तरी ओलांडलेल्या, गुडघ्यांनी त्रासलेल्या आणि जवळजवळ बहिऱ्या. त्यांच्यामागं वैजनाथ नावाचा एक धिप्पाड माणूस, दर्शनासाठी पांढरेशुभ्र कपडे घालून. त्यानं माझ्याकडं बोट केलं आणि विचारलं, मावशी, म्हातारी उभी हाय, ही जागा कोणाची?

शकुबाईंनी त्याच्याकडं नीट बघितलंही नाही. तीस वर्षांचं वाक्य जिभेवर तयार होतं, ते आपलं आपण बाहेर पडलं. "येऊन राहिले ते. खाली हायेत, टायर बघून राहिले."

बोलल्या आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. पण शब्द तोंडातून गेला तो गेला. आणि तो नेमका गेला कंडक्टरच्या कानात. कंडक्टर निता, सहा महिन्यांपूर्वी लागलेली, कामाला चोख. साहेबांना तिनं कधी बघितलं नव्हतं, पण साहेबांचा नियम तिला पाठ होता. खाली माणूस हाय हे ऐकताच तिनं घंटी मारून ड्रायव्हरला सांगितलं. ड्रायव्हरनं चावी काढून खिशात टाकली आणि तो खाली उतरला.

मित्रांनो, गाडीखाली नसलेला माणूस शोधायला किती वेळ लागतो, तुम्हाला कल्पना नाही. असलेला लगेच सापडतो. ड्रायव्हरनं डावीकडून बघितलं, नितानं उजवीकडून. मग अर्धी गाडी मदतीला उतरली. वैजनाथ तर पांढऱ्या कपड्यांनिशी पालथा पडला आणि मला पाय दिसला म्हणून ओरडला. सगळ्यांनी मिळून तो पाय ओढला. तो झोपलेल्या कुत्र्याचा होता. कुत्रं सगळ्यांकडं तुच्छतेनं बघून पुन्हा आत शिरलं. मग कुणी म्हणालं, बाथरूमला गेले असतील. कुणी म्हणालं, चहाला. वर्णन काय त्यांचं, असं खिडकीतून शकुबाईंना विचारलं गेलं. शकुबाई तोंड उघडायच्या आणि मिटायच्या. माझा चाकाचा कोपरा त्या बोटाला गुंडाळत होत्या. एवढं एक वाक्य त्या बोलल्या असत्या तर गाडी सुटली असती. तेच त्यांना बोलवत नव्हतं.

नितानं फक्त नाव विचारलं. नाव शकुबाईंनी सांगितलं. ते घेऊन निता जळबांच्या खिडकीकडं पळाली.

जळबांच्या निवृत्तीला वर्ष राहिलेलं. समोर चार गाड्यांची गर्दी, एका हातात फोन. नितानं कागदावर नाव लिहून पुढं सरकवलं. जळबांनी ते वाचलं आणि त्यांच्याही तोंडाला सवय होती. माइक खरखरला. "विश्वंभर गडदे साहेब. विश्वंभर गडदे साहेब. साखरा गाडीत तुमच्या मंडळी बसून राहिल्यात. जिथं असाल तिथून गाडीकडं या."

नाव अख्ख्या आगारात घुमलं. वर्कशॉपमधून दोन मेकॅनिक धावत बाहेर आले. धावता धावता दोघांनीही गुटखा थुंकला. एकानं शर्टाची बटणं लावली. मग दोघं एकमेकांकडं बघत उभेच राहिले.

जळबांनी पुन्हा सुरू केलं, "विश्वंभर गडदे साहेब," आणि ते थांबले. माइक चालूच होता. त्यातून नुसता श्वास ऐकू येत होता. मग जळबा हळू आवाजात स्वतःशीच बोलले, आणि ते साऱ्या स्टँडनं ऐकलं. "आपुनच खांदा दिला की रे, जळबा."

माइक बंद झाला.  जळबा खुर्चीवरून उठून आमच्या खिडकीखाली आले आणि नुसते उभे राहिले.  उतरलेली माणसं एकेक करून आत आली. वैजनाथच्या छातीवर ऑइलचा हा मोठा पट्टा होता. तो मान खाली घालून उभा राहिला. सगळ्यांना कळलं होतं. कळलं नव्हतं ते फक्त मोतीबाईंना, कारण त्यांच्या कानांवर माइकचाही काही परिणाम होत नव्हता. त्या वाकल्या आणि त्यांनी शकुबाईंच्या खांद्यावर हात ठेवून सरळ विचारलं, "कुठं हाय गं तुझा मालक?"

बाकीच्यांनी त्यांना गप्प राहायच्या खुणा केल्या. मोतीबाईंनी त्या खुणा हातानं उडवून लावल्या आणि पुन्हा तेच विचारलं.

शकुबाई अगदी हळू म्हणाल्या, गेले. मोतीबाईंनी कानामागं तळवा धरला. कुठं गेले म्हणून विचारलं.

तेव्हा शकुबाई उठून उभ्या राहिल्या. त्यांनी मोतीबाईंच्या कानाशी तोंड नेलं आणि सगळ्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "वारले, माय. माझे मालक वारले. मार्गशीर्षात वारले."

मोतीबाईंना ऐकू आलं. त्यांनी मान हलवली. शकुबाई तशाच उभ्या होत्या. मग त्यांनी मला सीटवरून उचललं आणि म्हणाल्या, "बसा." दाराकडं वळून निताला सांगितलं, "खाली कोनी न्हाई, बाई. जाऊ दे गाडी."

घंटी वाजली, गाडी हलली. जळबा फलाटावर हात वर करून उभे होते. स्टँडच्या बाहेर वळण घेतल्यावर शकुबाईंनी मला तोंडावर दाबलं आणि त्या रडल्या. आठ महिन्यांचं सगळं रडल्या. मी चिंब झाले. माझं पातळ अंग, मला ते झेपेना, पण मी एक थेंब खाली पडू दिला नाही.

मोतीबाईंनी त्यांना रडू दिलं. मग विचारलं, "कसे व्हते?"

आता मोतीबाईंना काही सांगायचं म्हणजे ओरडूनच सांगायला हवं. शकुबाईंनी आधी डोळे पुसत पुसत एकदोन वाक्यं ओरडून सांगितली. मग फिल्टरची गोष्ट सांगितली. मोतीबाई हसल्या. मागच्या सीटवरचं कुणी हसलं. मग नांदेडला गेलेल्या दस्तीची गोष्ट झाली, आणि मला हातात धरून सगळ्यांना चाक दाखवण्यात आलं. एका मुलीनं नट मोजून दहा असल्याचं जाहीर केलं. शकुबाईंचा आवाज चढत गेला. रडणंही मध्ये मध्ये येत होतं आणि हसणंही. निता तिकिटं फाडायची थांबून ऐकत होती. खरं सांगते, साहेब जिवंत असताना त्यांचं एवढं कौतुक शकुबाईंनी कधी केलं नव्हतं. तेव्हा त्या त्यांना ऑइलवरून बोलत असत.

औंढा आलं. गाडी रिकामी व्हायला हवी होती, पण माणसं रेंगाळत उतरली, कारण सोनाजींच्या लग्नाची गोष्ट अर्ध्यात होती आणि साहेब सफारीसकट गाडीखाली होते. वैजनाथ सगळ्यात शेवटी उतरला, आणि खाली जाऊन खिडकीशी आला. ऑइलच्या शर्टात, हात जोडून. त्यानं विचारलं की मावशी, लग्न लागलं का मग? शकुबाईंनी गाडी सुटता सुटता त्याला पंगत उठल्याचं सांगितलं.

हिंगोलीत निताच्या ध्यानात आलं की मोतीबाईंचा तांडा तर औंढ्याच्याही आधी गेला. ती घाबरली. मोतीबाई मुळीच घाबरल्या नाहीत. म्हणाल्या, "या वयात मला एसटी फुकट हाय, पोरी. पुढचं ऐकून उतरते."

राखी करून चार दिवसांनी आम्ही परत निघालो. साखऱ्याच्या फाट्यावर गाडी आली. शकुबाईंनी मला कमरेला खोचलं होतं, मला टाकलं नाही. त्या खिडकीशी बसल्या. सेनगावला एक बाई चढली आणि शेजारच्या जागेकडं बघून तिनं विचारलं, इथं कोणी हाय का? माझा जीव वरखाली झाला. शकुबाई सरकून बसल्या आणि म्हणाल्या, न्हाई, या, आमच्या साहेबांची जागा व्हती ती, बसा, सांगते तुमाला.

तर मित्रांनो, आता मी जागा धरत नाही. शकुबाईंच्या कमरेला असते आणि डोळे पुसते, कधी रडण्याचे, कधी हसण्याचे. तुम्हाला दोनच गोष्टी सांगायच्या आहेत. छातीतून आवाज आला तर गॅस म्हणू नका, दवाखान्यात जा. आणि गाडीत एखाद्या रिकाम्या जागेवर दस्ती दिसली, तर भांडायच्या आधी जरा थांबा. ती कुणासाठी टाकलीय ते विचारा. माणूस येणार असेल तर येईल. येणारच नसेल, तर कसे होते म्हणून विचारा आणि शेजारी बसून ऐका. कान कमी असले तरी चालतं.